उजव्या हाताखालची पानं

आये,

तुला अक्षर ओळखता येत नव्हतं आणि मी तुलाच पत्र लिहायला बसले आहे. हे बघून तू काय म्हणाली असतीस ते मला इथे बोरिवलीत, दुसऱ्या मजल्यावर, पंख्याखाली बसून स्पष्ट ऐकू येतंय. "येडी झालीस काय गो? मना कोन वाचून दावनार?" दुसरं कोण दाखवणार, मीच. आयुष्यभर तुला मीच वाचून दाखवत आले. रेशनचं कार्ड, औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी, लग्नाच्या पत्रिका, आणि ते एक पुस्तक. त्या पुस्तकापायीच हे लिहितेय. घराला रंग काढायचा म्हणून सुनेनं काल माझी ट्रंक पलंगाखालून ओढली, तर तळाशी ते सापडलं, तुझ्या हिरव्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेलं, तू ठेवलं होतंस तसंच. पुठ्ठा नाही. पहिल्या पानावर तुझ्या बोटाचं कुंकू, आता तपकिरी पडलेलं. मी वास घेतला. मला सुक्या बोंबलांचा वास आला. सून म्हणते, नुसता कुबट वास आहे, टाकून द्या. तिला काय कळतंय. मी ते मांडीवर घेऊन खिडकीत बसले आणि दुपार कधी कलली ते मला समजलंच नाही.

सगळ्यात आधी पडवी दिसते. पावसाचे महिने, दर्या बंद, होड्या किनाऱ्यावर झावळ्यांखाली झोपलेल्या, आणि आपल्या मढच्या घराच्या पडवीत तांबडं जाळं आढ्यापासून जमिनीपर्यंत पसरलेलं. त्या जाळ्याच्या आत तू बसली आहेस. बाहेरचा उजेड जाळ्यातून गाळून येतो आणि तुझ्या तोंडावर, खांद्यावर त्याचे चौकोन पडतात. तुझ्या हातात बांबूची सुई, फाटलेली भोकं तू एकेक करून भरतेस, नजर मात्र भलतीकडेच. शेजारच्या चार जणी आपापली जाळी घेऊन आलेल्या, माझी विधवा आत्या खांबाला टेकून बसलेली, आणि तू गोष्ट सांगतेस. खाडीच्या तोंडावरच्या त्या काळ्या खडकाची, जो ओहोटीला माहेरी जायला निघतो आणि निम्म्या वाटेत भरती आली म्हणून परत येतो. शिमग्याची गाणी ऐकायला किनाऱ्यापर्यंत आलेल्या आणि गाणं संपेपर्यंत पाणीच निघून गेलेल्या थोरल्या माशाची. तुझ्या गोष्टींना शेवट असा नसायचाच. जाळ्याचं भोक भरलं की गोष्ट थांबायची आणि नवं भोक घेतलंस की दुसरी कुठलीतरी सुरू व्हायची. मला वाटायचं, सगळ्या गोष्टी त्या जाळ्यात अडकलेल्याच असतात, तू फक्त सोडवून घेतेस.

आमचे मास्तर म्हणायचे, मढला बेट म्हणणं चूक आहे, मार्व्याकडून जमिनीनं येता येतं. मी घरी येऊन मोठ्या ऐटीत तुला हे सांगितलं. तू वर न बघता म्हणालीस, "जिथून बाजाराला जायाला होरीत बसावं लागतं, त्ये बेट. तुज्या मास्तरला सांग, पाटी डोक्यावर घेऊन जमिनीनं जाऊन दाव अंधेरीला." मी अर्थातच मास्तरांना सांगितलं नाही. पण पुढे मी स्वतः शिक्षिका झाले आणि भूगोल शिकवला, तेव्हा बेटाची व्याख्या फळ्यावर लिहिताना दरवर्षी मला तुझी माशांची पाटी आठवायची आणि मी उगाचच हसायचे.

आपल्या घरात एक शब्द चालत नव्हता. बुडणं. पुरुष दर्यावर जातो त्या घरात तो उच्चारायचा नाही, कुठल्याच अर्थानं नाही. जाळी टिकावी म्हणून झाडाच्या सालीच्या काढ्यात घालायची असली की तू म्हणायचीस, "जालं न्हाऊ घाल." सूर्य आपल्याकडे घरी जायचा. कोणाचा माणूस परत आला नाही तर म्हणायचं, दर्यानं ठेवला. मी तिसरीत असताना एकदा ओसरीवर बसून मोठमोठ्यानं धडा पाठ करत होते, त्यात सूर्य समुद्रात बुडत होता. तू चुलीपासून उठून आलीस आणि पाठीत असा धपाटा घातलास की माझी पाटी अंगणात गेली. "बापूस भायेर हाय, नि तू काय बोलतंस?" मी रडत म्हटलं, पुस्तकात लिहिलंय. तू थांबलीस. पुस्तकात लिहिलंय म्हटल्यावर तुझा हात खाली आला. माझ्याकडे आणि त्या पानाकडे तू आळीपाळीनं बघितलंस आणि म्हणालीस, "मंग मनात वाच." छापलेल्या अक्षराला तू देवासारखी भ्यायचीस, हे मला त्या दिवशी कळलं. कळायला नको होतं.

आणि तुझे हात. डाव्या मनगटात हिरव्या काचेच्या बांगड्या, उजवा हात मोकळा. आपल्या सगळ्याच बायकांचा तसा. उजव्या हातातल्या लग्नात दर्याला द्यायच्या: हा एक हात तुला दिला, आता माझा माणूस तू सांभाळ. लहानपणी मला वाटायचं, जगातल्या सगळ्या बायका एकाच हातात बांगड्या घालतात. अंधेरीला तुझ्याबरोबर पहिल्यांदा आले, तेव्हा बाईंच्या दोन्ही हातांत बांगड्या बघून मी तुझ्या कानात विचारलं होतं, यांनी दर्याला काही दिलं नाही का?

बाई म्हणजे अंधेरीच्या आपल्या त्या गिऱ्हाईक. मुलींच्या शाळेत शिकवायच्या, उंच, जाड भिंगांचा चष्मा, आणि पापलेट बघून घेताना तुझ्याइतकीच भांडायच्या. वेसाव्याला होडीतून उतरून, डोक्यावर पाटी घेऊन तू दर एक दिवसाआड त्यांच्या दारात जायचीस. त्या दिवशी मी बरोबर होते. त्यांच्या ओसरीवर पडलेला वर्तमानपत्राचा कागद मी वाचायला लागले, मोठ्यानं, आणि त्या चष्म्यावरून बघत राहिल्या. मग आत जाऊन ते पुस्तक घेऊन आल्या. "हे घे. पुठ्ठा गेलाय, पण आतलं सगळं आहे. आईला वाचून दाखव, मग परत आण." तू ओले हात लुगड्याला तीनदा पुसलेस, तरी पुस्तकाला हात लावला नाहीस. केळीच्या पानात बांधून घेतलंस आणि पाटीत, माशांपासून वेगळं, एका कडेला उभं ठेवलंस. परत येताना होडीत मी ते मागितलं. तू म्हणालीस, "घरी चल. पोथी हाय ती, पान्यावर उघराची नाय."

ती एका गलबताची गोष्ट होती. नावच ठाऊक नाही, पुठ्ठ्यावर असेल. कोकणातल्या कुठल्याशा बंदरातून नाखवा निघतो, त्याची बायको रोज संध्याकाळी टेकडीवर दिवा ठेवते, आणि गलबत लांब लांब जातं, जिथं पाण्याचा रंगच वेगळा. मी रोज दुपारी पडवीत वाचायचे. वाचताना माझा आवाज जड होतो, डोळ्यांपुढे अक्षरं आणि जाळ्याचे चौकोन एकमेकांत मिसळतात. बाहेर पाऊस पडत असतो की गलबताच्या शिडात वारा भरत असतो ते कळेनासं होतं. शेजारणी सुया थांबवून ऐकतात. आत्या, जी कधी कोणाला चांगलं म्हणायची नाही, ती म्हणाली, "पोरीचा गला गोर हाय." मी फुगले. इतकी फुगले की एक गोष्ट माझ्या लक्षातच आली नाही. तू सांगायची थांबली होतीस. खडक नाही, मासा नाही, काही नाही. एकदा कोणीतरी तुला म्हणालं, आज तू सांग गो. तू हसून म्हणालीस, "माज्या गोष्टी तोंडच्या. ह्ये लिव्हलेलं हाय, खरं हाय." आणि सुई चालवत राहिलीस. आये, मी पुढे पस्तीस वर्षं मुलांना गोष्टी वाचून दाखवल्या, पण माझ्या वाचण्यानं तुझं सांगणं बंद पडलं होतं हे आठवलं की अजून कसनुसं होतं.

नारळी पुनवेला चार दिवस राहिले तेव्हा शेवटचा भाग आला. त्या दिवशी बाबासुद्धा ऐकायला बसले. उंबऱ्यावर, पाय बाहेर सोडून, दोर वळत. ते एरवी असल्या बायकांच्या बैठकीत बसायचे नाहीत. गलबताला वादळानं गाठलं. शीड फाटलं, डोलकाठी मोडली, पाणी आत शिरलं. मी ते जोरात वाचलं, मला चेव आला होता. पान संपत आलं. शेवटच्या ओळीत नाखवा सुकाणूला स्वतःला बांधून घेतो आणि टेकडीच्या दिशेनं बघतो. पान उलटायचं. आणि माझा हात थांबला. पुढच्या पानावर तो शब्द असणार याबद्दल माझी खात्रीच झाली. बाबा उंबऱ्यावर, चार दिवसांनी होडी लोटणार, आणि मी तो शब्द घरात मोठ्यानं म्हणणार. तू म्हणालीस, "मंग? काय झालं मंग?"

मग मी पान न उलटता वाचत राहिले. म्हणजे वाचण्याचं नाटक करत राहिले. डोळे त्याच ओळीवर ठेवून मी सांगितलं, की वाऱ्यानं गलबताला एका बेटावर नेऊन टेकवलं. तिथं माणसं नव्हती, माड होते. नाखव्यानं नारळावर दिवस काढले, लाकडं जमवून होडी बांधली. दोन शिमगे गेले. गावानं आशा सोडली, बायकोनं दिवा ठेवायचं सोडलं नाही. आणि तिसऱ्या शिमग्याच्या दिवशी, भर दुपारी, टेकडीवरून तिला शीड दिसलं. इथं मी पुस्तक मिटलं. शेजारणींनी डोळे पुसले. बाबा हसले, दोर खांद्यावर टाकून उठले आणि तुला म्हणाले, "बग, दिवा ठेव बरीक." तू माझ्या हातांकडे बघत होतीस, मला वाटलं पुस्तकाकडे बघतेस.

कार्तिकात बाबा गेले. बाकीचे गडी कोणाच्या तरी हळदीला गेले होते आणि दर्यात लावलेल्या जाळ्याचा एक दोर सैल झालाय म्हणून ते छोटी होडी घेऊन एकटेच बघायला निघाले. दुपारी वारा फिरला. गावातल्या होड्या तीन दिवस शोधत होत्या. गोराईच्या किनाऱ्याला आपलं एक वल्हं लागलं, त्यावर बाबांनी विळ्यानं कोरलेली खूण होती. ते वल्हं घरी आणलं तेव्हा तू ते पुसून, कोपऱ्यात, त्याच्या नेहमीच्या जागी उभं केलंस आणि चुलीवर भात ठेवलास. मी तुझ्याकडे बघत होते. मला रडायचं होतं, पण तू रडत नव्हतीस म्हणून मलाही येईना.

तेराव्या दिवशी आत्या चार बायका घेऊन आली. दर्यानं ठेवलेल्याचं जे करायचं ते करायला हवं, म्हणाली. तू पडवीत बसली होतीस. आत्यानं तुझा डावा, बांगड्यांचा हात धरला, तू तो ओढून घेतलास.

"वयनी, असं नको करूस. माज्या भावाला वाट मिळाया नको?"

"त्याला वाट ठाव हाय," तू म्हणालीस. "तिसऱ्या शिमग्याला येल."

"कोन बोल्लं तुना?"

तू माझ्याकडे बोट केलंस. "पोथीत लिव्हलंय. ही वाचत व्हती, तू पन व्हतीस ना ऐकाया?"

सगळ्या माझ्याकडे वळल्या. आये, तो क्षण मी किती वेळा परत जगले असेन. अकरा वर्षांची होते. आत्यानं मला विचारलं, "खरंच लिव्हलंय काय गो?" मी मान डोलावली. एवढंच केलं. त्या दिवसापासून तुझ्या मनगटातल्या बांगड्या वाजल्या की मी उठून अंगणात जायचे. गावात तुला कोणी वेडी म्हणालं, कोणी आणखी वाईट. हळदीकुंकवाला बोलवावं की नाही ते त्यांना कळेना, म्हणून बोलवायचंच सोडलं. तू पुस्तक देवांच्या फळीवर, नारळाशेजारी ठेवलंस आणि त्याला कुंकू लावलंस. बाईंना तू विचारलंस, पोथी अजून थोडे दिवस राहू दे का. बाईंना सगळं ठाऊक झालं होतं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. म्हणाल्या, "राहू दे. पाहिजे तितके दिवस राहू दे." पुस्तकाचा खरा शेवट त्यांना माहीत असणारच. मला वाटलं, आता सांगतील. त्यांनी मला फक्त नवी पाटी दिली आणि पुढच्या शाळेत घालायचं तुझ्याकडून कबूल करून घेतलं.

पहिला शिमगा गेला. दुसरा गेला. मी वेसाव्याला होडीतून शाळेत जायला लागले होते. रोज खाडी ओलांडताना ठरवायचे, आज घरी गेल्यावर सांगायचं. घरी आले की तू माझ्यासाठी राखलेला माशाचा तुकडा ताटात घालायचीस आणि मी ते जेवून दप्तर उघडायचे. पुस्तक फळीवर होतं. मी कधीच हात लावला नाही. मला वाटायचं, हात लावला तर ते बोलेल.

तिसरा शिमगा आला. सकाळपासून होड्यांना पताका लागल्या, किनाऱ्यावर बायका नटून आल्या, गाणी सुरू झाली. तू हिरवं लुगडं नेसलीस, केसांत अबोली घातलीस आणि एकटीच लांब, जाळी वाळवायच्या बांबूंपलीकडे वाळूत जाऊन बसलीस, तोंड पश्चिमेला. गाणारे तुझ्याकडे बघायचे आणि गाणं जरा खाली यायचं. दुपारी मी भाकरी घेऊन आले. ऊन असं होतं की पाणी आणि आकाश वेगळं ओळखू येत नव्हतं, लांबची प्रत्येक होडी हवेत तरंगल्यासारखी दिसत होती, आणि खरं सांगते, मीसुद्धा शीड शोधत होते. मीच रचलेलं शीड. दोन-तीनदा मला ते दिसलंही. सूर्य घरी जायला लागला तेव्हा मला राहवलं नाही.

"आये, त्या पुस्तकात..."

"मना ठाव हाय."

"काय ठाव हाय?"

तू वाळूत बोटानं जाळ्याचे चौकोन काढत होतीस. "तू पोथी मिटलीस ना त्या दिशी, तवा तुज्या उजव्या हाताखाली पानं उरलेली. जाड व्हती, इतकी." तू दोन बोटांत ती जाडी दाखवलीस. "मी जालं विनतंय बाय. किती झालं नि किती ऱ्हायलं, त्ये बोटांना कलतं. गोष्ट सरली नि पानं उरली, असं कसं?"

मग मी ओरडलेच तुझ्यावर. एवढं ठाऊक होतं तर अडीच वर्षं लोकांची बोलणी का खाल्लीस? कोणासाठी?

"तुज्यासाठी, दुसरं कोनासाठी?" तूही चिडून म्हणालीस. तुला शांतपणे प्रेम करता येतच नव्हतं. "तेराव्या दिशी मी काकनं उतरली असती, तर तुना वाटलं असतं, माजी गोष्ट खोटी परली म्हनून बापूस गेला. अकरा वर्साची पोर. इतकं वजं कुटं ठेवनार व्हतीस? म्हटलं, शिमगा येऊंदे. तवर ही मोठी व्हईल." आणि तू हळूच म्हणालीस, "नि मना पन बरं वाटत व्हतं गो. वाट बगाया."

मी तुझ्या मांडीत डोकं खुपसून रडले. अडीच वर्षांचं रडले. तू माझ्या केसांतून वाळू काढत राहिलीस आणि मग मला उठवून बसवलंस, माझा चेहरा तुझ्या पदरानं पुसलास आणि विचारलंस, "आता सांग. मोठी झालीस. त्या पानांत काय लिव्हलंय?"

मी म्हटलं, "बुडाले, आये. सगळे बुडाले."

धड्याबाहेर तो शब्द आपल्यात पहिल्यांदाच उच्चारला गेला. मला वाटलं, तू धपाटा घालशील. तू मान हलवलीस, उठलीस आणि गुडघाभर पाण्यात गेलीस. मी मागोमाग आले. बांगड्या ओल्या करून, मूठ आवळून, तू एकेक उतरवायला लागलीस. मी म्हटलं, आत्या म्हणते त्या फोडायच्या असतात. "फोडाची कशाला? पयल्या हाताची कोनी फोडली व्हती काय? दिली व्हती. तशीच देऊ." शेवटची निघता निघेना, हाताला ओरखडा उठला. ओहोटी सुरू होती, पाण्यानं त्या घेतल्या. तुझे दोन्ही हात सारखे झालेले मी पहिल्यांदा पाहिले. घराकडे येताना किनाऱ्यावर होळी पेटत होती, तू माझा हात धरला होतास, आणि चालता चालता म्हणालीस, "तो खडक हाय ना खाडीतला, त्याची भैन पलीकडं ऱ्हाते, त्ये मी सांगितलं काय तुना?" अडीच वर्षांनी तू गोष्ट सांगत होतीस. मी म्हटलं, नाही सांगितलंस. आधी सांगितली होतीस, पण मी तसंच म्हटलं.

पुढचं सगळं तुला ठाऊकच आहे. बाईंनी मला शिकवलं, मी शिक्षिका झाले, तू मढ सोडून माझ्याकडे यायला कधी तयार झाली नाहीस आणि त्यावरून आपण दर सुट्टीत भांडलो. बाईंना मी पुस्तक परत करायला गेले होते एकदा, पहिला पगार झाल्यावर. त्यांनी घेतलं नाही. "शेवट वाचलास?" एवढंच विचारलं. मी हो म्हटलं. वर्गात मी गोष्ट वाचून संपवली की शेवटचं पान उघडून मुलांना दाखवायचे, बघा, आता काही उरलं नाही. मुलं मला हसायची, आमच्या या बाईंची ही काय सवय. तू गेलीस त्यालाही आता पुष्कळ वर्षं झाली. शेवटच्या आजारात तू त्या खडकाविषयी बोलायचीस, पुस्तकाविषयी कधीच नाही.

हे पत्र मी त्या पुस्तकातच ठेवणार आहे, जिथं माझा हात थांबला होता तिथं. पोस्टात टाकायचा प्रश्नच नाही, आणि मघाशी म्हटलं होतं तरी मोठ्यानं वाचूनही दाखवणार नाही, कारण एक गोष्ट अजून सांगायची राहिली आहे आणि ती तुझ्यासमोर म्हणायची हिंमत आजही होत नाही. ती पानं मी वाचलेलीच नाहीत, आये. त्या दुपारी पडवीत नाही, शिमग्याच्या दिवशी तुला सांगण्याआधी नाही, बाईंना हो म्हटलं तेव्हाही नाही. तू विचारलंस आणि मी जे तोंडात आलं ते सांगितलं, आणि तू बांगड्या काढून दिल्यास. खाऱ्या हवेनं आता ती पानं एकमेकांना चिकटली आहेत. सुरीच्या टोकानं सुटतील, मी बघितलं, एक कोपरा सुटलासुद्धा. तो शब्द त्यात आहे की नाही, मला अजून माहीत नाही.